जुन्या कवचाची विल्हेवाट

बोरसावळीच्या शाळेच्या ओसरीवर सकाळी दहापासून माणसं तोंड उघडून बसली होती. एरवी कुणी असं तोंड वासून बसलं असतं तर गावानं त्याची चेष्टा केली असती. पण आजचं काम कोर्टाचं होतं. टेबलाशी बसलेल्या डॉ. समीना काझी जाडसर पेनासारखं एक यंत्र एकेकाच्या दाढेला टेकवत होत्या आणि शेजारच्या पडद्यावर करड्या, बारीक रेघांच्या चळती उमटत होत्या.

यंत्राचं नाव दंतवाचक. काही वर्षांपूर्वी दात वाचायचा तर तो उपटून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे. आता नुसता स्पर्श पुरत होता. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वलय पडतं. दातावरचं कठीण कवच, ज्याला शास्त्रात दंतवल्क म्हणतात, ते बाळपणी घडताना रोजची एक रेघ टाकत जातं. जन्माच्या दिवसाची रेघ तर ठसठशीत असते. तिथून पुढे मोजत गेलं की ते बाळ कुठल्या दिवसापासून कसलं पाणी प्यालं, ते सांगता येतं.

रांगेत मंजूषा ढेंगळे सतरावी होती. वय चौतीस, नागपूरच्या एका बँकेत नोकरी. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरातली कलमं लोकांना समजावून सांगणं हे तिचं काम. ती तोंडावर ओढणी धरून बसली होती. ही तिची लहानपणापासूनची सवय, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. पण आज ओढणीआड लपवायला डाग नव्हते. आत अठ्ठावीस दात पांढरेशुभ्र होते आणि तिला त्यांचीच लाज वाटत होती.

"दाढ लय दुखून रायली का व?" शेजारी खुर्चीवर बसलेल्या तिच्या आईनं, सिंधूबाईनं विचारलं. सिंधूबाईंचे गुडघे दहा वर्षांपासून वाकत नव्हते. मानही वळत नसे, म्हणून बोलताना त्या सगळं अंग लेकीकडे फिरवत.

मंजूषानं 'हो' म्हणून मान हलवली. सकाळपासूनचं हे तिसरं खोटं.

गावाचं दुखणं सगळं पाण्यात होतं. गावाच्या वरच्या अंगाला कोळसा धुण्याचा कारखाना आला, त्याला आता बत्तीस वर्षं होत आली. त्याचं पाणी जमिनीत मुरलं आणि विहिरींत फ्लोराइड चढलं. त्यानंतर जन्मलेल्या पोरांचे दात तपकिरी निघाले आणि मोठ्यांची हाडं ताठरत गेली. कंपनीचं म्हणणं असं, की फ्लोराइड तुमच्या खडकातच आहे, आजोबा-पणजोबांपासून आहे, आमच्या माथी मारू नका. विहिरींचे जुने अहवाल पंचायतीत सापडत नव्हते. आता पाणी बिघडल्याची तारीख सांगू शकतील अशी फक्त माणसं उरली होती. म्हणजे खरं तर त्यांचे दात.

त्यातही सगळ्यांचे नाहीत. कारखाना आला तेव्हा ज्यांचे कायमचे दात हिरडीच्या आत घडत होते, त्यांच्याच दातांत आधीचं पाणीही होतं आणि नंतरचंही. अशी सहा पोरं. दोघं वारले, एकाच्या दाढा तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं खाल्ल्या, दोघींच्या लवकर किडून काढाव्या लागल्या. उरली मंजूषा. तिचे दात आले तेव्हा पुढच्या दातांची टोकं स्वच्छ होती आणि मधोमध आडवी रेघ पडून वरचा भाग तपकिरी. जणू कुणी पट्टी लावून आखलं होतं.

"आपला हुकमाचा पत्ता हाय हे पोरगी," नत्थूजी काळबांडे डॉक्टरांना सांगत होते. नत्थूजी म्हणजे गावचे निवृत्त पोस्टमास्तर. अकरा वर्षं खटला त्यांनीच अंगावर घेतला होता. "बाकीच्यायचे दात नुसती गोष्ट सांगतात. हिचा दात तारीख सांगते."

मंजूषाला उठून पळून जावंसं वाटलं.

ती रेघ तिनं पंचवीसेक वर्षं वागवली होती. शाळेच्या प्रत्येक फोटोत तिचे ओठ मिटलेले. नागपुरात तर निराळाच ताप. तपकिरी दात दिसले की तिथे माणसं एकच गोष्ट गृहीत धरतात. एकदा कर्जासाठी आलेल्या एका आजोबांनी कागद आवरता आवरता तिला मायेनं सांगितलं होतं, "बेटा, खर्रा सोडून दे. बाईमाणसाला बरा नाही दिसत." तिनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. पण खुलासा करायचा म्हणजे दात आणखी दाखवायचे. ती "हो काका" म्हणाली होती.

त्याच आठवड्यात तिनं परदेशातल्या दवाखान्यांची दरपत्रकं मागवली.

नागपूरचे दंतवैद्य जुन्याच पद्धतीनं, टोप्या बसवून देणार होते. इस्तंबूलला स्वस्त होतं, पण दोनदा जावं लागणार होतं. बँकॉकला मात्र नवीच तऱ्हा निघाली होती. तिला कवचपेरणी म्हणत. जुनं दंतवल्क एका द्रवात विरघळवून टाकायचं आणि दाताच्या गाभ्यावर पेशींकडून नवं उगवून घ्यायचं. घासणं नाही, टोप्या नाहीत, पाच दिवसांत काम पूर्ण. नागपूरच्या डॉक्टरांना तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नवं येईल, छान येईल. पण ते तुमचं नसेल. विचार करा." गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून बोलताहेत, असं तिला वाटलं.

कलमं वाचण्यात तिचा हात कोण धरणार? तिनं विमानभाडं, राहणं, दुभाष्या, वर्षभराची पोषक जेल, सगळं जमेला धरलं. जे 'समाविष्ट नाही' होतं त्याखाली लाल रेघा मारल्या. आणि तरी चूक व्हायची तिथेच झाली. हसताना दिसतात ते वीस दात करायचे की अठ्ठावीसही, असा प्रश्न होता. मागच्या दाढा कुणाला दिसणार होत्या? पण एवढं तिकीट काढून आलोच आहोत तर सगळेच करून घेऊ, हा आपल्या माणसांचा जुना हिशेब. तिनं अठ्ठावीसवर खूण केली.

शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. 'जुन्या कवचाचा नमुना जतन करणे: वार्षिक शुल्क. जुन्या कवचाची विल्हेवाट: मोफत.' अख्ख्या कागदावर मोफत असं ते एकच. घाण सांभाळायला पैसे कोण देतं, म्हणून ती मनाशी हसलीसुद्धा. त्याखाली आणखी एक सोय होती, उपचारापूर्वीची छायाचित्रं कायमची पुसून टाकण्याची. त्याला पैसे पडत होते. ते तिनं आनंदानं दिले.

बँकेत सांगितलं, प्रशिक्षणाला गेले होते. आईला काहीच सांगितलं नाही. गावात सगळ्यांचे दात तसे, आणि आपण एकटीच असे घेऊन जायचं कसं? म्हणून चौदा महिने ती गावाकडे फिरकली नाही. नत्थूजींचा फोन आला तेव्हाही खरं बोलायला जीभ रेटेना. यंत्र कदाचित कवचाच्या खालचंही वाचत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि एसटीत बसली.

"ढेंगळे, मंजूषा."

ती स्टुलावर बसली. ओढणी खाली घेतली आणि तोंड उघडलं. डॉ. काझींचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी दंतवाचक दाढेला टेकवला. पडद्यावर रेघा आल्याच नाहीत. नुसता एकसारखा पांढरा पट्टा. त्यांनी दुसरी दाढ पाहिली, तिसरी पाहिली, पुढचा दात पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली होती: दंतवल्काचं वय, चौदा महिने.

"ताई, हे कधी केलंत?" त्यांनी अगदी हळू विचारलं. पण ते ओसरीभर ऐकू गेलं.

"मागच्या वर्षी. बँकॉकला."

"दाढासुद्धा?"

"दाढासुद्धा."

"आधीचे फोटो असतील. फोटोवरूनही बरंच काही निघतं."

"पुसायला लावले मी," मंजूषा म्हणाली. "पैसे देऊन."

नत्थूजींनी हातातल्या यादीची घडी घातली, खिशात ठेवली, परत काढली आणि परत ठेवली. अकरा वर्षांत हा माणूस कधी बसलेला कुणी पाहिला नव्हता. तो ओसरीच्या पायरीवर बसला. मंजूषाला वाटलं, त्यांनी चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तरी इतकी मान खाली गेली नसती.

सिंधूबाईंनी खुर्ची धरून सगळं अंग लेकीकडे फिरवलं.

"पाहू दे," त्या म्हणाल्या.

मंजूषानं आईला दात दाखवले. सिंधूबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"चांगले हायेत. लय चांगले हायेत." मग म्हणाल्या, "मले कावून नाई सांगतलं व?"

"लाज वाटली, आई."

"तुले दातायची लाज वाटे, थे मले मालूम होतं. माह्या लाजीचं तुले नाई मालूम." सिंधूबाई पदराशी चाळा करत होत्या. "तुह्ये दात आले न तसे, तवा तुह्यी आजी म्हने, मायनंच कायतरी अरबट-चरबट खाल्लं असन. मी म्हनो, नाई जी, पानी खराब हाय. तर म्हने, पानी तर आमीबी प्यालो. मंग मलेबी वाटाले लागलं, पाजलं तर मीच न. माह्याच हातानं. आज थे मशीन तारीख सांगन, मंग मले कळन का थे माह्याच्यानं नाई झालं, म्हनून मी सकाळपासून बसून रायली इथं."

आपली लाज धुऊन टाकायला ती विमानात बसून गेली होती आणि आईची लाज कायमची करून आली होती. दरपत्रकात ही ओळ नव्हती. असती तरी आपण ती वाचली असती का, याची तिला खात्री वाटेना.

"काहीच होऊ शकत नाही का?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

डॉ. काझींनी चष्मा काढून पुसला. "कवच गेलं. पण त्याच्याखालचा गाभाही बाळपणी रोजच्या रेघांनीच घडतो. तिथे ती तारीख असू शकते. दंतवाचक तिथवर पोचत नाही. जुन्या रीतीनं, दात काढून कापून बघावं लागेल."

"मग दाढ काढा. आजच काढा."

"एका दाताची साक्ष कोर्ट मानत नाही. साधा गोवर आला तरी रेघ पडते, कंपनीचे वकील तेच म्हणतील. वेगवेगळ्या वेळी घडलेल्या दोन दातांत एकाच दिवसाची खूण सापडायला हवी. एक ही दाढ, कारण हिच्यात जन्माची रेघ असते. आणि एक पुढचा. ती तारीख त्याच्या बरोबर मध्यावर पडते."

"खालचा चालेल?"

"खालचे बारीक असतात. कापताना हाती काही उरत नाही. वरचा लागेल."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तुमच्या गाभ्यावर त्या द्रवानं काय केलंय, मला माहीत नाही. पेरणी केलेला दात अजून कुणी कापून बघितलेला नाही. खोटी आशा मी देणार नाही." त्या थांबल्या. "आणि त्या जागी पुन्हा पेरणी होत नाही. खोटा दात बसवता येईल. पण हाडांचे फोटो बघितल्याशिवाय तेही नक्की सांगत नाही. या पाण्यावर वाढलेलं हाड आहे."

पायरीवरून नत्थूजी उठून आले. "पोरी, कोनी तुह्यावर जबरदस्ती करनार नाई," ते म्हणाले. "सुनावनी पंधरा तारखेला हाय. नाई म्हनशीन तरी मी तुले कायी बोलनार नाई." ते खरंच काही बोलणार नव्हते, हे तिला माहीत होतं. तेच तर अवघड होतं.

बँकेतला काउंटर तिच्या डोळ्यांपुढे आला. हसल्यावर मधोमध काळं भोक. समोरचा माणूस परत सांगणार, खर्रा सोडा.

दुपारी शाळेचा पाचवीचा वर्ग रिकामा करून घेतला. दोन बाकं जोडून त्यावर सतरंजी टाकली. डॉ. काझींच्या गाडीत अवजारं होती, भूल होती. सिंधूबाई पायथ्याशी खुर्ची ओढून बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी लेकीचे घोटे धरले.

"आधी एक फोटो घ्यावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "नियम आहे."

"घ्या," मंजूषा म्हणाली आणि तिनं ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले. "आणि राहू द्या तो."

"मागची दाढ आधी काढू? ती सोपी जाईल."

"नाही. पुढचा आधी. दाढ आधी काढलीत तर पुढच्याला मी नाही म्हणेन. मी मला ओळखते."

सुई टोचली, ओठ जड झाला. चिमटा दाताला बसला. दुखत नव्हतं, नुसता ओढल्याचा आवाज कानात येत होता. घोट्यांवरची आईची पकड घट्ट झाली. दात हलला, सुटला आणि डॉक्टरांनी तो उजेडात धरला. बाहेरून तो पांढराशुभ्र होता. रक्त लागलं होतं तेवढंच काय ते तिचं दिसत होतं.

सिंधूबाईंनी लेकीच्या पायाला धरूनच, सगळं अंग पुढे वाकवून विचारलं, "डाक्टरीनबाई, आतमंदी थे तारीख असन न व अजून?"