औतवाडीची सतरंजी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि आमच्या ग्रामपंचायतीचा हॉल मनात आणा. शिरोळकडचं लहान गाव, एक मेची सकाळ, बाहेर रणरणतं ऊन. दारावर पाटी: ‘ग्रुप ग्रामपंचायत नांदुरे-औतवाडी’. मी इथं बावीस वर्षं ग्रामसेवक होतो, म्हणून या जोडनावाचा इतिहास मला ठाऊक आहे. दोन्ही गावं लहान, म्हणून सरकारनं एकच पंचायत दिली. औतवाडी कृष्णेपलीकडं. तिथली माणसं ग्रामसभेला नावेतून यायची. पाय ओले असायचे, म्हणून त्यांच्यासाठी दारापाशी वेगळी सतरंजी असे.

पुढं एका पुरात अख्खी वाडी चाळीस माणसांसकट वाहून गेली. चन्नम्मा तेवढी लेकीकडं नांदुऱ्यात आली होती, म्हणून वाचली.

शिपाई कृष्णात ती सतरंजी अजून अंथरतो.

त्या दिवशी ठराव होता: वाडी उरली नाही, तेव्हा तिचं नाव पाटीवरून आणि दप्तरातून काढावं. चन्नम्मा सहावीतल्या नातीचा, पवित्राचा, हात धरून आली.

“अव्वा, नाव काढलं तर काय हुतंय?” पवित्रानं विचारलं.

“मग वाडीच्या माणसास्नी कुठं यायचं ते कसं कळंल?”

सरपंच उदयसिंह हसले. “कृष्णात, मोकळी सतरंजी कुणाला रं? पावणं येणार हायती व्हय?”

“सवय हाय की, सरपंच.”

ठरावाच्या बाजूनं सव्वीस हात वर झाले.

“विरोधात?”

चन्नम्माचा एकटीचा हात वर गेला. तो खाली येईना.

कृष्णात बोटानं मोजू लागला. “एक.” बोट तिथं थांबलं नाही. दाराकडं वळलं. “दोन. तीन.”

मागून कुणीतरी हसलं.

हॉलमध्ये नदीच्या गाळाचा वास आला.

“एकेचाळीस,” कृष्णात म्हणाला.

मी सतरंजीकडं पाहिलं. ती चिंब भिजली होती.

उदयसिंहांनी ठरावाचा कागद हळूच पालथा ठेवला.

तेव्हा पवित्रा उठली. चालत दारापाशी गेली, सतरंजीच्या कडेला बसली. तिनं शेजारी पाहिलं, आणि जागा करून देत थोडी सरकली.