बादलीभर ठिपके

"बादलीभर ठिपके हवेत," दारात उभा असलेला मुलगा म्हणाला. "छपाईवाल्या डेटलेफने सांगितलंय. मशीनला आत्ताच्या आत्ता लागतायत."

रीकेने कागदाच्या गठ्ठ्यांवरून मान वर केली. मुलाचे केस बाहेरच्या भुरभुरीने ओले झाले होते, अंगातला नवा निळा डगला दोन मापं मोठा होता आणि हातात खरोखरच एक पत्र्याची बादली होती.

त्सेले गावातल्या त्या छापखान्यात दर सप्टेंबरला नवे शिकाऊ आले की पहिल्याच दिवशी ही बादली बाहेर निघायची. छापलेलं कुठलंही रंगीत चित्र भिंगाखाली धरलं, तर ते चार रंगांच्या बारीक बारीक ठिपक्यांचं दिसतं. पण ठिपके काही कोठारात भरून ठेवलेले नसतात. नव्या पोराला हे कुठून ठाऊक असणार…

गेल्या वर्षी हीच बादली घेऊन रीके स्वतः हिंडली होती. तिने हसू गिळलं.

"कुठले हवेत? निळे, गुलाबी, पिवळे, की काळे?"

तो गडबडला. "ते… नाही विचारलं."

"मग बांधणी खात्यात बघ. इथले संपलेत."

थोड्या वेळाने तो परत आला. बादली रिकामी, कान लाल.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने मला रंग विचारलेस."

"मला चार खात्यांतून फिरवलं होतं. तुला दोनच. उपकार मान."

तो चिडला नाही. बादली उपडी घालून तिच्यावर बसला. "मी योरिन. आणि समज, मी ही बादली खरंच भरून आणली, तर?"

"तर मागशील ते देईन."

बोलून गेली खरी. पण त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की पुढचा गठ्ठा तिला पुन्हा मोजावा लागला.

शिकाऊ म्हणजे आठवड्यातले तीन दिवस छापखान्यात काम, दोन दिवस व्यवसायशाळा, महिनाअखेर हातात पगार आणि शेवटी एक परीक्षा, जिचं प्रमाणपत्र देशभर चालतं. रीके एक वर्ष पुढे होती, म्हणून योरिनला शिकवायचं काम तिच्याकडे आलं. तो तिच्यासाठी राय धान्याच्या काळसर पावाची चीज घातलेली एक जोडी जास्तीची आणायचा आणि 'चुकून आली' म्हणायचा. रोज चुकून.

"शाई जास्त झाली की रूळ चरचरतो," ती एकदा मशीनपाशी म्हणाली. "ऐक."

"नाही ऐकू येत."

"जवळ ये मग."

तो आला. बराच जवळ. "आता तर काहीच ऐकू येत नाहीये," तो हळूच म्हणाला.

"शाई कमी कर," रीके म्हणाली आणि वळून उगाचच दुसरीकडे गेली.

दोन वर्षांनी रीके पास झाली, तेव्हा रीतीप्रमाणे तिला अंगणातल्या मोठ्या लाकडी पिंपात बुडवलं. परीक्षा पास केली तरी पाण्यात बुडल्याशिवाय छापखाना कुणाला कारागीर मानत नाही. आधी ओल्याचिंब स्पंजावर बसवायचं, मग पिंपात. ती बाहेर आली, तेव्हा टॉवेल धरून योरिन उभा होता, नजर मुद्दाम छपराकडे लावून. ते छप्पर रीकेच्या फार दिवस लक्षात राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात योरिनही पास झाला. पण मालकीण ब्रुगेबाईंकडे एकच जागा होती आणि ती आधीच रीकेला मिळाली होती. योरिनला ब्रेमेनमध्ये काम मिळालं. शनिवारी बुडवणं, सोमवारी रुजू.

ब्रेमेन काही चंद्रावर नव्हतं. पण काही न विचारता गेलेला माणूस गल्लीपलीकडे गेला तरी लांबच. आणि योरिन काहीच विचारत नव्हता.

शनिवारी अंगणात सगळे जमले. पीप भरलं, स्पंज भिजला, म्हातारा डेटलेफ काळी उंच टोपी घालून सज्ज झाला. फक्त योरिनचा पत्ता नव्हता.

"पळाला वाटतं," डेटलेफ म्हणाला. "रीके, तुझा चेला आहे. तूच शोध."

तो बांधणी खात्यात सापडला, कागदाला भोकं पाडायच्या यंत्राखाली गुडघे टेकून. शेजारी पत्र्याची बादली.

"सगळे थांबलेत, आणि तू झाडलोट करतोयस?"

"मूठभर कमी पडतायत," तो वर न बघता म्हणाला.

रीके वाकली. बादलीत गोल गोल कागदी ठिपके होते, यंत्रातून गळून पडलेले. निळे, गुलाबी, पिवळे. काळेसुद्धा. जवळजवळ काठापर्यंत.

"हे… कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. पण काळा कागद फार कमी येतो गं." त्याने शेवटची मूठ टाकली आणि उभा राहिला. गुडघे कागदाच्या धुळीने पांढरे झाले होते. "भरली. आता मी मागणार."

"माग."

"रीके, दर रविवारी—"

"पकडा त्याला!" डेटलेफ दारातून ओरडला, आणि दोघा कारागिरांनी योरिनला उचललंच. त्याने एका हाताने बादली सोडली नाही. दुसऱ्या हाताने रीकेचं मनगट पकडलं. अंगणभर वरात निघाली. स्पंजावर तो नीट बसलाही नाही, आणि धप्प… तो, बादली आणि रीके, तिघंही पिंपात.

"हिला गेल्या वर्षीच बुडवलंय," डेटलेफ टोपी सावरत कुरकुरला. "दोनदा बुडवायचा नियम नाही."

"असू दे रे," ब्रुगेबाई म्हणाल्या. "तिची तक्रार दिसत नाही."

योरिनने नाकातलं पाणी झटकलं. त्याच्या गालावर, भुवयांवर, केसांत ठिपकेच ठिपके.

"दर रविवारी," तो धापा टाकत म्हणाला, "एकदा मी इकडे येईन, एकदा तू तिकडे यायचं. जमेल?"

"इतकंच मागायला इतके दिवस लावलेस?"

"बादली भरायची होती."

रीकेने त्याच्या भुवईवरचा गुलाबी ठिपका बोटाने उचलला. "अर्धी आणली असतीस, तरी हो म्हटलं असतं."

"मग सांगायचं नाही का?"

"मग विचारायचं नाही का?" ती म्हणाली, आणि तो ठिपका तिने त्याच्या नाकावर परत चिकटवून दिला.