तळ्याकाठचा शिवेचा दगड

"यंदा माझं डोकं आपटू नका! विनीचं आपटा, तिला सवय आहे!" फेमी ओरडत होता.

"घाबरट! पाय वर कर मुकाट्याने!" त्याची थोरली बहीण टोला म्हणाली, आणि त्यांच्या मैत्रिणीने, विनीने, हसत त्याचा दुसरा पाय पकडला.

दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत थॉर्नली गावात शीवफेरी निघे. सगळे जण विलो झाडाच्या काठ्या घेऊन जुन्या हद्दीवरून चालत, शिवेचे दगड झोडपत आणि प्रत्येक दगडावर एका पोराचं डोकं उलटं टेकवत. "कागद जळतात, मोठी माणसं खोटं बोलतात," इतिहास मंडळाचे मिस्टर पार्जेटर सांगत, "पण डोकं आपटलेलं पोर जागा विसरत नाही!" गेल्या वर्षी याच तळ्याकाठच्या दगडापाशी विनीचे पाय त्यांनीच धरले होते. थॉर्नलीची गल्लीन् गल्ली त्यांनी तिला शिकवली होती, आल्याची बिस्किटं खाऊ घालत. विनी सख्ख्या आजोबांचं ऐकत नसे, पण त्यांचं ऐके.

"घड्याळ दिसतंय ना?" तिने उलट्या फेमीला विचारलं. "चर्चचं, दोन धुराड्यांच्या मधे? गेल्या वर्षी मला दिसलं होतं."

"कसलं घड्याळ? मला नुसती भिंत दिसतेय!"

"काहीतरीच! मला धरा बघू!"

टोलाने तिला उलटं केलं. खरंच की! नुसती भिंत!

"हा दगड हलवलाय!" विनी किंचाळली.

मोठी माणसं खो खो हसली. पण विनीने वळून मैदानाकडे बघितलं. दगडांच्या आतली जमीन सगळ्या गावाची, बाहेरची बिल्डरची. दगड इथे असेल तर त्यांचं क्रिकेटचं अख्खं मैदान बाहेर गेलं होतं, आणि तिथे सात मजले उभे राहणार होते!

"अगं बाळा, वर्षभरात तू उंच झालीस," मिस्टर पार्जेटर म्हणाले.

"उलटं लटकल्यावर उंचीचा काय संबंध?" विनीला नवल वाटलं. एवढी कच्ची गोष्ट ते कधी बोलत नसत.

"फेमी, पुन्हा उलटा हो!"

"पुन्हा मीच?"

दोघींनी त्याला लटकवून मैदानातून नेलं. मागून सगळी वरात.

"अजून पुढे! डावीकडे!"

"मला ओकारी येतेय!"

"ओक, पण घड्याळ शोध!"

"दिसलं! दोन धुराडी, मधे घड्याळ! थांबा!"

चर्चच्या धर्मगुरू, व्हिकर बाई, धापा टाकत पोचल्या. तिथे जमिनीचा एक चौकोनी तुकडा होता आणि त्यावरचं गवत जरा फिकट होतं. विनी गुडघ्यावर बसली.

"तिथे खणू नका!" मिस्टर पार्जेटर ओरडले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"खणायचं नाव कोणी काढलं?" व्हिकर बाईंनी हळूच विचारलं.

टोलाने गवत सतरंजीसारखं उचललं. खाली भुसभुशीत माती होती आणि दगडाच्या बुडाएवढा खड्डा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"तो बिल्डर मला संग्रहालय बांधून देणार होता," मिस्टर पार्जेटर काठीकडे बघत म्हणाले. "थॉर्नलीच्या सगळ्या जुन्या वस्तू नीट राहिल्या असत्या. माझ्यामागे हे सगळं कोण सांभाळणार होतं?"

"मी," विनी म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मी सांभाळणार होते! तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत. आणि आत्ता मला खोटं पाडलंत. तुम्ही! माझे पाय तुम्हीच धरले होते ना?"

ते मागे सरकत गर्दीच्या मागे गेले.

दुपारपर्यंत चौघा गावकऱ्यांनी पहारींनी ढकलत दगड जुन्या जागी आणला. व्हिकर बाई म्हणाल्या, "शाबास, पोरांनो! आम्ही मोठी माणसं डोळे असून आंधळी निघालो!" फेमीच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की तो म्हणाला, "आता खरंच ओकेन हं!"

रिवाजाप्रमाणे दगडावर पुन्हा डोकं टेकवायचं होतं, आणि या वेळी मान विनीचा होता.

"पाय कोण धरणार?" व्हिकर बाईंनी विचारलं.

सवयीने विनीची नजर मिस्टर पार्जेटरांकडे गेली. ते गर्दीच्या मागे एकटेच उभे होते. तिने नजर फिरवली आणि एक पाय टोलाकडे दिला, दुसरा फेमीकडे.

"सोडणार नाहीस ना?"

"वेडी आहेस का?" फेमी म्हणाला.

घड्याळ दोन धुराड्यांच्या मधे उलटं लटकत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनीचे अश्रू कपाळावरून केसांत उतरत होते. ही जागा आता तिला डोकं न आपटताही जन्मभर आठवणार होती.