अडीच मीटरवरचा चेंडू

चंद्रावर माणसं राहायला लागून अकरा वर्षं झाली होती, पण भुंकणं मात्र त्याच वर्षी पहिल्यांदा ऐकू आलं. गुहाग्राम ही वसाहत थंड पडलेल्या लाव्हाच्या एका प्रचंड बोगद्यात वसलेली. तिच्या पशुशाळेत नऊ आठवड्यांची आठ पिल्लं होती, चार लॅब्राडॉर आणि चार गोल्डन रिट्रीव्हर. गोठवलेले भ्रूण पृथ्वीवरून आले होते, पण वाढ सगळी इथल्या गर्भपेट्यांमध्ये झालेली. पिल्लांनी पहिला श्वास चंद्रावर घेतला होता आणि पहिलं पाऊलही चंद्रावरच टाकलं होतं.

मुलं असलेल्या आठ घरांना एकेक पिल्लू मिळणार होतं. त्यावरून गुहाग्रामात महिनाभर जे वाद झाले, तेवढे पाण्याच्या वाटपावरूनही झाले नव्हते. केळुसकरांच्या घरी तर रोज जेवताना हाच विषय.

"लॅब्राडॉर," हेरंब म्हणायचा. तो वसाहतीच्या हवाशुद्धीचा अभियंता होता. "आखूड केस. गोल्डनचे केस हातभर लांब. ते सगळे माझ्या गाळण्यांत येऊन बसणार आणि मी जन्मभर चिमट्याने ते उपसत बसणार."

"लॅब्राडॉरचेही गळतात, बाबा. मी वाचलंय," सात वर्षांची केतकी सांगायची. "आणि गोल्डन माणसाच्या तोंडाकडे बघतो."

मृणाल या वादात पडत नसे. ती मेंदूशास्त्रज्ञ होती, आणि तिच्या डोक्यात दुसराच घोर होता. तिची आणि हेरंबची मुदत संपत आली होती. दीड महिन्याने निघणाऱ्या यानाने पृथ्वीवर परतायचं, नाहीतर कायमचं इथलंच होऊन राहायचं. आणि केतकीला पृथ्वीवर न्यायला आरोग्य मंडळाची परवानगी नव्हती. तिची हाडं आणि स्नायू रोजच्या वजनी जाकिटामुळे चांगले मजबूत होते. अडचण तोलाची होती. चंद्रावर जन्मलेली मुलं चक्रदालनात, म्हणजे फिरवून पृथ्वीइतकं वजन आणणाऱ्या दालनात नेली की दोन पावलांत कोसळत, ओकत, किंचाळत. केतकी तीनदा कोसळली होती. मेंदूतली गुरुत्वजाण ही जन्मतः कोरी पाटी असते, पहिल्या काही वर्षांत तिच्यावर जे लिहिलं जातं ते पुसता येत नाही, असा मंडळाचा निष्कर्ष होता. तो ज्या अहवालावर उभा होता, त्याची लेखिका डॉ. मृणाल केळुसकर. आपल्याच हाताने तिने लेकीची वाट बंद केली होती आणि त्यात एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं.

पशुवैद्य डॉ. फ्रान्सिस डाबरे मूळचे वसईचे. साठी उलटलेली, आवाज मोठा. त्यांनी केळुसकरांसमोर दोन पिल्लं सोडली. एक गोल्डनची पिल्ली, नाव केशर. दुसरा काळाकुट्ट लॅब्राडॉर, पोट सुटलेला, त्याचं नाव पशुशाळेतल्या लोकांनी ढब्बू ठेवलं होतं.

"हे बघ बाय," डाबरे केतकीला म्हणाले, "ही दोन्ही रिट्रीव्हरची जात. आणून देणारी. पूर्वी शिकारी पाखरू पाडायचे आणि ही कुत्री ते दात न लागू देता उचलून आणायची. त्यासाठी पाखरू कुठे पडेल ते हवेत असतानाच ताडावं लागतं. शेकडो वर्षं माणसांनी त्यासाठीच यांना वेचून वेचून वाढवलं. आता बघू, चंद्रावरच्या पोरांना ते कितपत जमतं. आज पहिलीच वेळ त्यांची."

त्यांनी चेंडूफेकीचं यंत्र लावलं. चेंडू सुटला. चंद्रावरचा चेंडू तो, सावकाश वर चढला, बैठ्या घराच्या छपराइतक्या उंचीवर जाऊन रेंगाळला आणि आरामात पंधरा मीटरवर उतरला.

केशरने चेंडूकडे पाहिलंच नाही. ती केतकीकडे बघत होती. केतकी धावली तशी तीही धावली आणि चेंडू घेऊन आली. ढब्बू मात्र चेंडू सुटल्याबरोबर चारदोन पावलं पळाला, थांबला, आणि चेंडू अजून वरच असताना खाली मान घालून जमीन हुंगू लागला. मग त्याने अतिशय गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं.

पशुशाळेच्या काचेपलीकडून बघणाऱ्या लोकांत हशा पिकला. पुन्हा चेंडू सुटला, ढब्बू पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिथेच. चौथ्यांदा तर त्याने जमीन उकरायला सुरुवात केली.

"घ्या! नाचता येईना अंगण वाकडं," डाबरे हसून म्हणाले. "बाय, तू आपली केशर ने. हा गडी ढ आहे."

हेरंबही हसत होता. मृणाल हसत नव्हती. तिने उकरलेल्या जागेजवळ जाऊन मोजपट्टी मागितली. यंत्रापासून अंतर निघालं अडीच मीटर.

"डॉक्टर, चेंडूचा वेग किती ठेवलाय?"

"सेकंदाला पाच मीटर."

"सहा करा."

आता चेंडू बावीस मीटरवर पडला. ढब्बू धावला आणि जमीन हुंगू लागला. मृणालने मोजलं. साडेतीन मीटरच्या जरा पुढे. मग तिने वेग चारवर आणायला सांगितला. चेंडू दहा मीटरवर, आणि ढब्बू दीड मीटरच्या किंचित पलीकडे. तिने तिन्ही अंतरं तळहातावर लिहिली आणि दोनदा भागून पाहिली.

"काय झालं ग?" हेरंबने विचारलं.

"प्रत्येक वेळी सहावा हिस्सा," ती म्हणाली. "चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश. त्याच वेगाने फेकलेला चेंडू पृथ्वीवर बरोबर तिथे पडला असता जिथे हे पिल्लू थांबतंय. डॉक्टर, याला उत्तम नाचता येतंय. आपलं अंगणच वाकडं आहे."

डाबऱ्यांनी टोपी काढली आणि खाली बसून ढब्बूचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"पण याने पृथ्वी बघितलेली नाही," ते हळूच म्हणाले. "मीच त्याला पेटीतून बाहेर काढला. या हातांनी."

"नाहीच बघितली. आईच्या पोटात तो कधी नव्हताच, वाढला तोही इथल्याच पेटीत. तरी चेंडू कसा पडायला हवा ते त्याला ठाऊक आहे. डॉक्टर, माशापासून कुत्र्यापर्यंत कोट्यवधी वर्षं प्रत्येक जीव एकाच ओढीखाली जगला. ती ओढ कधी बदललीच नाही. मग ती प्रत्येकाला नव्याने कशाला शिकावी लागेल? ती रक्तातच उतरली असणार. मी पाटी कोरी म्हणाले होते. पाटी कोरी नाही. चुकलं माझं."

"केशर का नाही थांबली मग तिथे?" हेरंबने विचारलं.

"ती चेंडू बघतच नव्हती. माणूस बघत होती. तिचा काही दोष नाही, पण मला हवंय ते याच्याकडे दिसतंय."

आणि मग तिला केतकीची आठवण झाली. केतकी केशरला मांडीवर घेऊन बसली होती, आणि केशर तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. महिनाभर पोरीने हेच मागितलं होतं. मंडळापुढे ठेवायला मृणालला पुरावा हवा होता, रोज, घरात, डोळ्यांसमोर. पण पुरावा हवा म्हणून लेकीच्या मांडीवरचं पिल्लू कसं उचलायचं?

"आई, तो चुकतोय का?" केतकीने विचारलं.

"नाही ग. तो पृथ्वीवर असता तर बरोबर असता."

"मग सगळे हसले का त्याला? मी चक्रदालनात पडले तेव्हा नव्हते हसले कोणी."

तिने केशरच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला डाबऱ्यांकडे दिलं, आणि ढब्बूला उचलून घेतलं. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर यंत्रावर होती.

घरी आणल्यावर, दारासमोरच्या मोकळ्या बोगद्यात यंत्र लावून मृणालने रोजची नोंद सुरू केली. पहिला आठवडा ढब्बू अडीच मीटर सोडायला तयार नव्हता. केतकी त्याला घेऊन बसायची आणि वर बोट दाखवायची, "अरे, थांब की जरा, अजून यायचाय तो." दुसऱ्या आठवड्यात ढब्बू धावता धावता वर बघू लागला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो लांब लांब, तरंगत्या उड्या टाकत पंधरा मीटरवर गेला आणि चेंडू वरच्यावर झेलून आला. केतकीने टाळ्या पिटल्या, हेरंबने त्याला बिस्किट दिलं. मृणाल उठून आतल्या खोलीत गेली.

हेरंब मागोमाग आला. "अगं, शिकला तो. चांगलंच झालं ना?"

"शिकला म्हणजे विसरला, हेरंब. तीन आठवड्यांत कोट्यवधी वर्षं पुसली गेली. केतकीला तर सात वर्षं झालीत." आणि ती रडली. इतकी वर्षं आकडे सांगत आलेली बाई ती, पण तेव्हा तिला एकही आकडा आधाराला सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर केतकी चटईवर झोपली होती आणि ढब्बू तिच्या पोटाशी. मृणाल जवळच बसून, मंडळाला काय लिहावं याचा विचार करत होती. तेवढ्यात ढब्बूचे पाय हलू लागले. कुत्री स्वप्नात धावतात, त्यात नवल काही नाही. मृणालने सवयीने मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग तिने कालच्या धावण्याचं चित्रण काढून शेजारी लावलं.

"हेरंब!" ती कुजबुजत ओरडली. "इकडे ये. हे पाय बघ."

"धावतोय."

"जागेपणी तो चंद्रावर धावतो तेव्हा पाय सेकंदाला जेमतेम एकदा पडतो. आत्ता मोज. अडीच वेळा! लंबक आठव. सहापट ओढीखाली तोच लंबक साधारण अडीचपट भराभर झुलतो, आणि पाय म्हणजे एक प्रकारचा लंबकच. तो पृथ्वीवर धावतोय, हेरंब. पुसलं गेलेलं नाही. चंद्र फक्त वरून सारवलाय. खालची जमीन आहे तिथेच आहे."

हेरंब त्या चार काळ्या पंजांजवळ उकिडवा बसला. पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरवरच्या एका जागेवर, जिथे तो कधी गेलेला नव्हता, तिथे हा ढब्बू जीव खाऊन धावत होता.

"आणि आपण मुलांना चक्रदालनात कसं नेतो?" मृणाल पुढे बोलत होती. "जागं ठेवून. समजावून. सावकाश चाल, सांभाळ, पाय जपून टाक. म्हणजे जे वरून सारवलंय त्यालाच आपण चालायला सांगतो. त्याला पृथ्वी येतच नाही. ते पडणारच."

मंडळाने मोठ्या नाराजीने एक प्रयोग मान्य केला. तोसुद्धा डाबऱ्यांनी रदबदली केली म्हणून.

दोन दिवसांनी, दुपारी, झोपलेल्या केतकीला आणि झोपलेल्या ढब्बूला चक्रदालनात गादीवर ठेवलं. मृणाल भिंतीशी टेकून बसली. काचेपलीकडे हेरंब आणि डाबरे होते. मुलीने घाबरून उठून पुन्हा आपटी खाल्ली तर मंडळ हा दरवाजा कायमचा लावून घेणार होतं, हे तिघांनाही माहीत होतं. चक्र इतकं सावकाश सुरू झालं की पहिली पाच मिनिटं काही कळलंच नाही. मग मृणालचे हात मांडीवर जड होऊन पडले. गाल ओघळले. मान सांभाळायला कष्ट पडू लागले. पृथ्वीवर जन्मलेली, पृथ्वीवर पस्तीस वर्षं वाढलेली ती, आणि तिला ते वजन परक्यासारखं वाटलं. वीस मिनिटांनी काचेपलीकडून हेरंबने हात वर केला. पूर्ण पृथ्वी.

केतकीचा श्वास शांत होता.

मृणालने चेंडू हलकेच फेकला. तो टप्प असा आवाज करून पडला. ढब्बूने डोळे उघडले. तिने दुसरा फेकला, तो हवेत असतानाच ढब्बू फेंगडे पाय टाकत धावला, आणि बरोबर चेंडू पडायच्या जागी जाऊन थांबला. एवढंही पुढे नाही, एवढंही मागे नाही. मग तो भुंकला.

केतकी उठून बसली. डोळे चोळले. ती अजून अर्धी झोपेतच होती. "ढब्बू, आण इकडे," ती म्हणाली. ढब्बू काही आणेना. तशी ती उभी राहिली.

मृणालने ओठ दाताखाली धरले. पाऊल जपून टाक, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले.

केतकी चालली. एक, दोन, तीन, चार. टाच, मग चवडा, हात उलटसुलट हलत, पृथ्वीवरचं कुठलंही पोर आपल्या घरात चालतं तशी. ती वाकली, चेंडू उचलला, ढब्बूच्या नाकासमोर धरला आणि पुन्हा फेकला. तो पडला त्या जागी तिची नजर चेंडूच्या आधी पोचली होती. तिने तो आणखी एकदा फेकला. पुन्हा तसंच. काचेपलीकडे डाबऱ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

मृणालला उठून लेकीला कवटाळायचं होतं. ती भिंत धरून अर्धी उठली, पाय लटपटले आणि मटकन खाली बसली. केतकी तिच्याकडे चालत आली आणि हात पुढे केला.

"आई," ती म्हणाली, "इथे चेंडू नीट पडतो."

मृणालच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गालावर रेंगाळलं नाही, सरळ टपटप खाली पडलं. केतकीने त्या थेंबांकडे नीट निरखून पाहिलं, आणि तेही बरोबरच असल्यासारखी मान डोलावली.