फिनिश दाबू नका

धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात एकच प्लग होता आणि तो एका माणसाने अडवून ठेवला होता. लाँच सुटायला तासभर होता, माझा फोन मरायला टेकला होता, आणि हा गृहस्थ मांडीवर लॅपटॉप घेऊन आरामात पाय पसरून बसलेला!

"जरा हलता का?"

"तिकीट खिडकीचा कॉम्प्युटर आत्ताच जिवंत करून आलोय हो... थोडा दम घेतोय," तो म्हणाला आणि त्याने लगेच स्वतःची वायर काढून माझी लावून दिली. असा माणूस भांडायच्याही उपयोगाचा नसतो.

मग बोलणं निघालंच. तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, मी कानाची मशीनं बसवणारी. निघाले होते समोरच्या बेटावर. माझी मावशी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं, आणि आता तिचे कान तिच्यावर रुसले होते. सोमवारी साहेब सरकारी बोटीने तपासणीला येणार, नर्सला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिला घरी बसवणार. नवं मशीन माझ्या पर्समध्ये होतं. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला जोडून ते तिच्या कानाला जुळवायचं, एवढंच काम उरलं होतं.

"आणि जुळवायचं सॉफ्टवेअर? तिकडे नेट नाही."

"घेतलंय की!" मी ऐटीत पेनड्राइव्ह नाचवला.

त्याने तो लावून पाहिला. मग ओठ घट्ट मिटले. हसू दाबतोय हे दिसताच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"काय झालं?"

"फाइल दोन एमबीची आहे, कानवाल्या मॅडम. हा माल नाही, माल आणायला पाठवलेला गडी आहे. नेट मिळालं की जाऊन खरं सॉफ्टवेअर आणतो. बेटावर नुसता दारात उभा राहील बिचारा."

माझा चेहरा पडला तसं त्याचंही हसू गेलं. पुढची लाँच थेट मंगळवारी होती. ऑफिसात नेट कायम चालू, त्यामुळे हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशी गणवेश घडी घालून कपाटात ठेवतेय असं काहीतरी दिसलं आणि परक्या माणसासमोर माझे डोळे भरून आले.

"अहो, थांबा... लाँच अजून सुटलीय कुठे?" त्याने आपल्या फोनचं नेट जोडलं आणि तीच फाइल लॅपटॉपवर चालवली. निळी पट्टी सरकू लागली. "हा गडी जे आणतो ते एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकतो. शेवटी आपण फिनिश दाबलं, की पुसून टाकतो सगळं. त्याच्या आधी आपण तिथून उचलायचं. तेव्हा मी सांगेपर्यंत फिनिश दाबायचं नाही."

"आणि दाबलं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. लाँच जाईल, आणि मंगळवारपर्यंत बसा माझं तोंड बघत."

"ही धमकी आहे की आमंत्रण?"

"ते... तुम्हीच ठरवा."

वारा खिडकीच्या काचेवर खारे शिंतोडे उडवत होता. स्क्रीन लहान, म्हणून डोकी जवळ आली. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं — दोघांनीही काढलं नाही. पट्टी लवकर भरावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते, आणि आता काय लपवायचं... जरा हळू भरली तरी चालेल, असंही वाटत होतं.

अखेर भरली. तो कीबोर्डवर वाकून भराभर काहीतरी करत होता, तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. मी दचकून उठले आणि हाताच्या सवयीने समोरचं बटण दाबून मोकळी झाले.

फिनिश.

स्क्रीनवरची खिडकी मिटली. फोल्डर रिकामं.

"गेलं... मीच घालवलं!"

त्याने शांतपणे पेनड्राइव्ह माझ्या तळव्यावर ठेवला. "केव्हाच उचललंय. तुमचा हात मघापासून शिवशिवत होता, म्हणून घाई केली."

माझ्या जिवात जीव आला. मी त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग लाजले.

"दवाखान्यात तारेचा फोन असेल ना?" त्याने पेन पुढे केलं. "चाललं की नाही, मला कळायला नको?"

मी नंबर त्याच्या तळहातावरच लिहिला आणि पळाले.

संध्याकाळी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरने नेटचं नावही न काढता सॉफ्टवेअर घेतलं. मशीन जोडलं, जुळवलं, मावशीच्या कानात बसवलं.

"मावशी, येतंय का ऐकू?"

ती दाराकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी उमटली.

"अगं, बाहेर फोन केव्हाचा वाजतोय. उचल ना!"

मी तिला मिठीच मारली. मग हसत, डोळे पुसत बाहेर धावले.

"चाललं?" पलीकडून तोच.

"चाललं! आता कोण घरी बसवतंय तिला!"

त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की मला हसू आलं. "सुटलो बाई. दुपारपासून घास उतरला नव्हता. बरं... मंगळवारी मी धक्क्यावर असेन. तिकीट खिडकीचा कॉम्प्युटर बिघडणार आहे."

"आधीच कसं कळलं?"

"मीच बिघडवणार आहे."

मी आत पाहिलं. मावशी पाठमोरी, औषधाच्या बाटल्या लावत होती. तिला ऐकूच येत नसे, त्यामुळे तिच्यासमोर आवाज दाबून बोलायची सवयच गेली होती माझी. तरी मी रिसीव्हर ओठांशी नेला आणि कुजबुजले, "काही बिघडवू नकोस. नुसता ये. मला... आवडतोस तू."

पलीकडे तो खाकरला. मग, "खरखर आहे लाइनला. पुन्हा म्हण ना..."

"त्याला सांग," आतून मावशीचा आवाज आला, "मला इथपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. आवडतोस म्हणाली!"