तीन ठोके की चार

शपथ घेऊन सांगितलं की गोष्ट खोटी वाटायला लागते. म्हणून शपथ घेत नाही. एवढंच सांगते, की दामिनी माझी सख्खी मामेबहीण आहे आणि मी तिचं खरं नाव लिहिते आहे. तिनंच सांगितलं, नाव टाक म्हणून.

मागच्या मे महिन्यातला दुसरा रविवार. जागा, नागपूरहून कुहीकडे जाताना लागणारी एक बंद राइस मिल.

रात्र नव्हती.

दुपारचा एक वाजला होता.

नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

दामिनी नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करते. पण तिचा जीव जुन्या वाफेच्या इंजिनांवर. तिच्यासारखेच सहा-सात वेडे एकत्र आले आणि एका बंद खाणीतलं छोटं इंजिन भंगारात जाण्याआधी त्यांनी उचलून आणलं. उन्मेष त्यांचा पुढारी. शाळेत गणित शिकवतो. मिल त्याच्या काकांची, म्हणून इंजिन तिथल्या शेडमध्ये उभं. डिसेंबरात त्यात वाफ भरायची, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

आणि बळीरामकाका. वय बहात्तर. उभा जन्म बॉयलर दुरुस्त करण्यात गेलेला. या सगळ्यांचे गुरू तेच.

त्या दिवशी बाकीचे कुहीला जेवायला गेले. दामिनी आणि काका मागे राहिले. भट्टीचे बोल्ट तपासायचे होते.

भट्टी म्हणजे इंजिनाचं पोट. माणूस जेमतेम उकिडवा बसेल एवढी लोखंडी खोली. तिच्या भिंती दुहेरी असतात. दोन पत्र्यांच्या मध्ये चार बोटांची फट, तिथं पाणी राहतं. ते दोन पत्रे शेकडो बोल्टांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. बोल्ट तुटलेले असताना वाफ भरली, तर इंजिन फुटतं. जवळ उभा असलेला माणूस वाचत नाही.

आत जायला एकच वाट. कोळसा टाकायचं तोंड, त्याला बाहेरून लोखंडी दार.

दामिनी शिडशिडीत. डोकं घातलं, खांदे तिरके केले, खरचटत आत गेली. सोबत दिवा, हातोडी आणि खडू. मोबाईल बाहेर पिशवीत राहिला.

काकांनी बाहेरून सांगितलं, "तू आतून ठोक, मी आवाज ऐकून जबाब देतो. एक ठोका म्हणजे बोल्ट बरा. तीन म्हणजे खराब, खूण कर."

काम सुरू झालं. ती ठोकायची. बाहेरून एक ठोका यायचा. पुढचा बोल्ट.

काकांना बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिले पंधरा-वीस बोल्ट त्यांची बडबड चालू होती. मग ती थांबली.

ठोके मात्र येत होते...

ती साठाव्या बोल्टापर्यंत पोचली आणि तिच्या लक्षात आलं. ठोका बाहेरून येत नव्हता. जवळून येत होता.

"काका, पाणी द्या ना."

पाणी आलं नाही.

"काका?"

एक ठोका.

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ती तोंडाकडे सरकली.

तेवढ्यात... दार लागलं.

धाडकन नाही. हळूच. आणि बाहेरची खिटी सरकल्याचा आवाज तिनं स्पष्ट ऐकला.

तिनं दोन्ही पाय लावून रेटलं. दार हललं नाही. हाका मारल्या. आवाज त्या लोखंडात फिरून तिच्याच कानावर आदळला. आत हवा नव्हती. वर शेडचा पत्रा तापलेला, खाली भट्टी तापलेली. घाम डोळ्यांत जात होता. आपण इथंच मरणार, आणि माणसं जेवून येईपर्यंत कुणाला कळणारही नाही, असं तिला वाटलं.

मग ठोके पुन्हा सुरू झाले...

तिनं हातोडी खाली ठेवलेली होती.

ठोके भिंतीतून येत होते. तिनं तळहात टेकवला, तर पत्र्याखाली थरथर लागली. कुणीतरी त्या चार बोटांच्या फटीत होतं. जिथं मांजराचं पिल्लू मावणार नाही, तिथं.

आणि ते पुढे सरकत होतं. बोल्टामागून बोल्ट.

एक ठोका. सरक. एक ठोका. सरक.

मग तीन.

दामिनीनं खडू उचलला आणि त्या बोल्टावर फुली मारली. का मारली, तिला आजही सांगता येत नाही. हात आपोआप गेला म्हणते.

ते तिच्याभोवती फिरत राहिलं. डावी भिंत, मागची भिंत, उजवी भिंत. ती जागच्या जागी वळत गेली. अकरा वेळा तीन ठोके आले. अकरा फुल्या मारल्या.

अडीच वाजता उन्मेष परतला. शेडबाहेरच्या कडुनिंबाखाली काका बेशुद्ध पडलेले. ऊन लागलं होतं. तोंडावर पाणी मारल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "पोरगी आत हाय."

खिटी पूर्ण आत बसलेली होती. घण मारून काढावी लागली.

दामिनीला दोन दिवस सलाईन लावलं. काकांनी नंतर सांगितलं, विसाव्या बोल्टाला चक्कर आली, म्हणून ते पाणी प्यायला माठाकडे निघाले होते. दार त्यांनी लावलं नव्हतं.

म्हणजे चाळीस बोल्टांना जबाब कुणी दिला?

जूनमध्ये उन्मेषनं यंत्र आणून सगळे बोल्ट तपासून घेतले. अकरा तडकलेले निघाले. तेच अकरा. एक जास्त नाही, एक कमी नाही. त्यानं ते बदलले. त्याच्या मते दामिनी गुंगीत असतानाही काम नीट करत होती, बाकी सगळं उन्हाचं. आता तो जानेवारीत वाफ भरणार आहे.

बळीरामकाका दवाखान्यात भेटायला आले होते. मी तिथंच होते. तिनं सगळं सांगितलं तरी त्यांना नवल वाटलं नाही. मग त्यांनी एकच विचारलं.

"मले खरं सांग पोरी. तीनच ठोके होते, का कधी चार आले?"

"तीनच," दामिनी म्हणाली.

त्यांनी सुस्कारा सोडला. चार आले तर काय, हे मी विचारलं. "तीन बोल्टाचे. चार माणसाचे," एवढंच म्हणून ते उठले आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी त्या मिलमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

ते गेल्यावर दामिनीनं माझा हात धरला. ती खोटं बोलली होती.

दार उघडण्याच्या जरा आधी चार ठोके आले होते. पण ते भिंतीतून आले नव्हते, म्हणून तिनं ते धरले नाहीत.

ते तिच्या खांद्यावर पडले होते. मागून... एका बोटानं.