फाटकाजवळची ताई

बातमी आली त्या सकाळी सत्यभामाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. थोरली लेक योगिनी धाकट्या गोपालच्या मोटारसायकलवर बसून नांदुऱ्याला शिंप्याकडे गेली होती. शेजारच्या शालूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सत्यभामाबाईंनी हातातली जुडी आधी नीट बांधली, मग वर पाहिलं.

झालं होतं ते रोजचंच. गावाबाहेरचं रेल्वे फाटक बंद होतं. एक गाडी गेली, तशी माणसं दांड्याखालून घुसली. योगिनी ‘थांब’ म्हणत होती. गोपालनं तिला उतरवलं, मोटारसायकल तिरपी करून दांड्याखालून काढली आणि पलीकडे गेला. ती मागून चालत निघाली. दुसऱ्या रुळावरून उलट्या दिशेनं दुसरी गाडी येत होती. गेटमन घसा फोडून ओरडला. पण त्याला शिव्या घालणाऱ्यांना त्याचं ओरडणं कधीच ऐकू येत नसे.

तेरावं झालं आणि फाटकाजवळ शेंदूर फासलेला एक दगड दिसू लागला. जीपवाले, ट्रॅक्टरवाले त्याला ताई म्हणू लागले. ताईला हात जोडायचे आणि बंद फाटकातून खुशाल घुसायचं. ज्या घाईनं पोरीचा जीव घेतला, त्याच घाईच्या राखणीला तिला बसवलं होतं. सत्यभामाबाईंच्या पोटात तेव्हापासून निखारा होता. त्या कुणाशी भांडल्या नाहीत. दगड कुणी मांडला, हेही त्यांनी विचारलं नाही.

पौषातल्या एका सकाळी बाजाराला भाजी न्यायची होती आणि ऑटो आलाच नाही. गोपालच्या मागं बसावं लागलं. धुई अशी दाट, की फाटकाचा दांडा हाताशी आल्यावर दिसला. मागं हॉर्नचा कालवा. जो तो आपल्या बाजूची रांग सोडून समोरच्याच्या वाटेत घुसलेला.

मालगाडी गेली. शेवटचा डबा धुईत विरला, तापल्या लोखंडाचा वास तेवढा उरला. गोपालनं दगडाला हात जोडले.

“उतर, आई.”

“गेट बंद हाय.”

“गेली ना गाडी. ताई सांगते मले...” त्याचा आवाज खाली आला. “रोज सांगते. पलीकडून. अजून एकबी डाव चुकली नाही ते.”

“दगड तू मांडला?”

मोटारसायकल तिरपी करून त्यानं पुढचं चाक दांड्याखाली घातलं.

आणि त्यांनाही ऐकू आलं. दोन रुळांच्या मधून, धुईतून, शब्दाचं शेपूट ओढत बोलायची तिची ती लाडिक सवय...

“ये नाऽ आई... गेली गाडी...”

सत्यभामाबाईंचं पाऊल आपोआप पुढं पडलं. ओला गार दांडा मानेला लागला, तेव्हा पोटातला निखारा भडकला. जी मरताना ‘थांब’ म्हणत होती, ती ‘ये’ कशी म्हणेल? त्यांनी गोपालची कॉलर धरली आणि सगळा जोर लावून त्याला मागं ओढलं. मोटारसायकल आडवी झाली, मेथी चिखलात सांडली. पायाखालची जमीन थरथरू लागली आणि दुसरी गाडी त्यांच्या तोंडावरचा पदर उडवत निघून गेली.

हॉर्न थांबले. मागचा जीपवाला खाली उतरला.

“पाह्यलं, मावशी? ताईनंच वाचवलं तुमाले.” त्यानं चप्पल काढून दगडाला हात जोडले. त्याच्यामागं आणखी दोघांनी जोडले.

फाटक उघडलं. दोन्हीकडची वाहनं एकमेकांच्या अंगावर गेली, अडकली, शिव्या देत सुटली. रस्ता मोकळा झाला. गोपाल चिखलात बसून हुंदके देत होता. धुईतला आवाज आता बराच जवळ आला होता.

“आई... गेली गाडी... त्याले तरी पाठव...”

गोपालनं मान वर केली. सत्यभामाबाईंनी दोन्ही हातांनी त्याचे कान झाकले.

पोटच्या पोरीला त्यांनी ओ दिली नाही.